एका घरातली चार घड्याळं

प्रश्न : आमचं निर्ण्यात एकत्र कुटुंब आहे, घरची शेती आहे. सासूबाई पहाटे चारला गजराशिवाय उठतात आणि रात्री आठ वाजले की त्यांचे डोळे मिटायला लागतात. थोरला मुलगा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो रात्री एक-दीडपर्यंत अभ्यास करतो, सुट्टीच्या दिवशी नऊशिवाय उठत नाही. त्यावरून घरात रोज वाद. सासूबाई म्हणतात, ब्रह्ममुहूर्तावर केलेला अभ्यासच डोक्यात राहतो, उशिरा उठणारं लेकरू आळशी निघतं. आमचे मालक एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री उसाला पाणी देतात, कारण पंपाची लाइट तशी येते. त्यांच्या झोपेला धरबंदच नाही. मी लहानपणापासून रात्रीची. शिवणकाम मला रात्री दहानंतरच सुधरतं, पण पाचला उठावंच लागतं. माणूस पहाटेचा की रात्रीचा हे जन्मानं ठरतं की सवयीनं? मुलाची सवय मोडावी का?
— एक वाचक, निर्णा, जि. बिदर

उत्तर : ताई, माणूस पहाटेचा की रात्रीचा हे बऱ्याच अंशी जन्मानं ठरतं, वयाबरोबर बदलतं आणि उजेडानं मागंपुढं सरकतं. सवयीलाही यात जागा आहे, पण ती या तिघांच्या मागची. तुमचा मुलगा आळशी नाही. सासूबाईंना चारला जाग येते ती त्यांच्या शिस्तीमुळं नव्हे, शरीरामुळं. तुम्ही स्वतःबद्दल जेमतेम दोन ओळी लिहिल्यात. मला त्या सगळ्या पत्रात सर्वांत काळजीच्या वाटल्या. मुलाबद्दल विचारलंत, तर आधी मुलाचं सांगतो.

शरीराला वेळ आतूनच कळते, हे पहिल्यांदा एका झाडानं दाखवलं. १७२९ साली ज्याँ-जाक द मेराँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं लाजाळूच्या जातीचं एक झाड अंधाऱ्या जागी ठेवलं. उजेडाचा कवडसा नाही, तरी पानं दिवसाच्या वेळेला उघडत होती आणि रात्रीच्या वेळेला मिटत होती. माणसावरचा गाजलेला प्रयोग १९३८ सालचा. नथॅनिएल क्लाइटमन आणि त्यांचा विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले. गुहेत दिवस-रात्र सारखाच अंधार आणि सारखाच गारवा. त्यांनी २४ऐवजी २८ तासांचा दिवस पाळायचं ठरवलं. तरुण रिचर्डसनच्या शरीरानं तो दिवस मानला. चाळिशी ओलांडलेल्या क्लाइटमनच्या शरीरानं मानला नाही. गुहेतही ते २४ तासांच्याच हिशेबानं तापत आणि निवत राहिलं. गुहा तीच, जेवण तेच, वेळापत्रक तेच. तरी दोन शरीरांनी दोन उत्तरं दिली. तुमच्या घरात याहून वेगळं काही घडत नाही.

आपल्या देशात या शास्त्राचा पाया मदुराईला घातला गेला. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी गुहेतल्या वटवाघळांचा अभ्यास केला, आणि माणसांना घड्याळाशिवाय, सूर्याशिवाय राहता येईल अशी खास खोली विद्यापीठाच्या आवारात बांधून घेतली. तिथं राहणाऱ्यांचंही झोपणं-उठणं बंद पडत नसे. ते फक्त बाहेरच्या दिवसापासून हळूहळू सुटत जाई.

हे घड्याळ मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्या जागेच्या जरा वर असतं. सुमारे २० हजार पेशींचा ठिपक्याएवढा पुंजका. १९९९ साली हार्वर्डच्या चार्ल्स साइस्लर यांच्या गटानं मोजलं, तेव्हा माणसाच्या या घड्याळाचा फेरा सरासरी २४ तास ११ मिनिटांचा निघाला. म्हणजे उजेडाशी संबंध तोडला, तर आपण सरासरीनं रोज दहा-अकरा मिनिटं उशिरा सरकत जाऊ. रोज सकाळी डोळ्यांवर पडणारा उजेड ती मिनिटं पुसून काढतो. सरासरीच्या दोन्ही बाजूंना माणसं असतात. ज्यांचा फेरा लांब, त्यांना झोप उशिरा येते आणि जागही उशिरा येते. ज्यांचा आखूड, ते सासूबाईंसारखे.

फेरा लांब की आखूड हे जनुकांवर जातं. १९७१ साली रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांना फळांवर बसणाऱ्या चिलटांत तीन वेगळ्या जाती सापडल्या : एकीचा दिवस १९ तासांचा, दुसरीचा २८ तासांचा आणि तिसरीला धड दिवसच नाही. तिन्हींतला बिघाड एकाच जनुकात होता. त्या जनुकाचं काम कसं चालतं हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७चं नोबेल मिळालं. माणसांत असाच जनुकातला बदल २००१ साली अमेरिकेच्या युटा राज्यातल्या एका घराण्यात सापडला. त्या घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या संध्याकाळीच पेंगायची आणि उजाडायच्या कितीतरी आधी टक्क जागी व्हायची. पण असं एकाच जनुकावर ठरणं विरळा. २०१९ साली जवळपास सात लाख लोकांच्या जनुकांची छाननी झाली, तेव्हा पहाटेच्या स्वभावाशी जोडलेल्या ३५१ जागा सापडल्या. प्रत्येकीचा वाटा थोडा थोडा. म्हणून एकाच आईच्या दोन लेकरांत एक पहाटेचं आणि एक रात्रीचं निघतं, आणि दोघांनाही वाढवणारी आई एकच असते.

आता वय. तुमच्या मुलाचा खरा खुलासा इथं आहे. लहान पोरं पहाटेची असतात, हे घरोघरी माहीत आहे. वयात येताना घड्याळ उशिराकडं सरकायला लागतं आणि विशीच्या आसपास सर्वांत उशिरावर पोचतं. जर्मनीतल्या टिल रोनेबर्ग यांनी २००४ साली हजारो लोकांच्या नोंदींवरून हा वळणबिंदू काढला : मुलींमध्ये साडेएकोणीस, मुलग्यांमध्ये एकवीस. त्यानंतर माणूस पुन्हा हळूहळू पहाटेकडं येतो आणि म्हातारपणी बालपणाइतका लवकर उठायला लागतो. अमेरिकेत मेरी कार्सकॅडन यांनी किशोरवयीन मुलांच्या शरीरातलं मेलाटोनिन मोजून दाखवलं, की रात्र झाल्याचा निरोप देणारं हे द्रव्य त्यांच्यात उशिरा पाझरतं. रात्री दहाला तुमच्या मुलाला झोप येत नाही, ती यायची वेळच झालेली नसते म्हणून. सासूबाईंना सत्तर वर्षांचं शरीर चारला उठवतं आणि नातवाला सतराचं शरीर नऊपर्यंत झोपवतं. दोघांत स्वभावाचा फरक असेलही, पण त्याच्याआधी पन्नास वर्षांचा फरक आहे. नातवाच्या वयात आपण रात्री किती जागत होतो, हे त्यांना एकदा प्रेमानं विचारा. भुलई किंवा भजनाच्या रात्री आठवतील.

हे कळल्यावर काही राज्यांनी शाळेची वेळ बदलली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ साली सांगितलं, की मोठ्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरवू नये. कॅलिफोर्नियात जुलै २०२२पासून तसा कायदाच लागू आहे. महाराष्ट्रानं फेब्रुवारी २०२४मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. लहानग्यांची झोप वाचली, चांगलं झालं. पण ज्यांचं घड्याळ खरोखर उशिरा चालतं त्या दहावी-बारावीच्या मुलांना यातून काही मिळालं नाही, आणि सकाळी सहाची शिकवणी तर कुठल्याच निर्णयात बसत नाही. माझ्या मते बदल आधी त्यांच्यासाठी व्हायला हवा होता.

पण मुलाची सगळीच जागरणं वयाच्या नावावर टाकता येत नाहीत. डोळ्यांत पाहण्याच्या पेशींशिवाय आणखी काही पेशी असतात. त्यांना चित्र दिसत नाही, पण निळसर उजेड किती आहे ते त्या मोजतात आणि घड्याळाला कळवतात. सकाळचा उजेड घड्याळ लवकरकडं ओढतो, रात्रीचा उशिराकडं. एके काळी निर्ण्यात दिवेलागणीनंतर चिमणी नाहीतर कंदील असायचा. तो उजेड इतका पिवळा आणि मंद, की घड्याळ फारसं हलत नसे. आता डोक्यावर पांढरा एलईडी आणि हातभर अंतरावर मोबाइल. २०१३ साली केनेथ राइट यांनी अमेरिकेत काही जणांना आठवडाभर कोलोरॅडोच्या डोंगरात तंबूत ठेवलं. बॅटरी नाही, मोबाइल नाही, रात्री फक्त शेकोटी. आठ दिवसांत त्यांची घड्याळं दोनेक तास अलीकडं आली, आणि सगळ्यांत जास्त सरकले ते रात्रीचे लोक. फरक पुरता मिटला नाही, पण घरी होता त्यापेक्षा पुष्कळ कमी झाला. म्हणजे जन्मानं तुमच्या मुलाला तास-दीड तास उशीर दिला असेल, तर पुढचा तास बल्बनं आणि मोबाइलनं जोडलेला असू शकतो. हा पुढचा तास परत मिळवता येतो.

सासूबाईंच्या ब्रह्ममुहूर्ताकडं येतो, कारण त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ब्रह्ममुहूर्त घड्याळातल्या चारला बांधलेला नाही. सूर्योदयाआधी ९६ मिनिटांनी तो सुरू होतो आणि ४८ मिनिटांनी संपतो. जूनमध्ये निर्ण्याला पावणेसहाच्या सुमाराला उजाडतं, तेव्हा तो चार वाजून दहा मिनिटांच्या आसपास लागतो. जानेवारीच्या मध्यावर सूर्य सात वाजायला आल्यावर वर येतो, म्हणजे ब्रह्ममुहूर्त सव्वापाचनंतर. वर्षात तासाभराचा फरक. शिवाय सगळ्या देशाला एकच वेळ असली तरी सूर्य तशी वेळ पाळत नाही; निर्ण्याला तो मुंबईपेक्षा पंधरा-अठरा मिनिटं आधी उगवतो. रोनेबर्ग यांनी जर्मनीत हेच पाहिलं, की एकाच वेळेच्या पट्ट्यातले पूर्वेकडचे लोक लवकर उठतात, पश्चिमेकडचे उशिरा, आणि तेही सूर्याच्या हिशेबानं, दर रेखांशाला चार मिनिटं. आपल्याकडं मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञानं दाखवलं, की देशाच्या ज्या भागात सूर्य तासभर उशिरा मावळतो, तिथली शाळकरी मुलं सरासरी अर्धा तास कमी झोपतात, कारण शाळा मात्र ठरल्या वेळेलाच भरते. ज्यांनी मुहूर्त सूर्यावरून मोजला, त्यांनी शरीराचं घड्याळ बरोबर ओळखलं होतं. बारा महिने चारचा गजर लावणारे आपण. आणि वाग्भटानं अष्टांगहृदयात या वेळी उठायला सांगितलं ते निरोगी माणसाला. दीडला झोपलेल्या पोराला चारला उठवून बसवा, असं तिथं लिहिलेलं नाही.

पहाटेचा अभ्यास लक्षात राहतो का? शांतता असते, घरात कोणी हाका मारत नाही, हा फायदा खरा. पण वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. पहाटेचं माणूस पहाटे आणि रात्रीचं माणूस रात्री अवघड गणित बरं सोडवतं, असं चाचण्यांत दिसतं. आणि झोप तोडली तर दोघांचंही बिघडतं. सतरा वर्षांच्या मुलाला आठ तास झोप लागते. तो दीडला झोपून सातला उठत असेल, तर आळस राहू द्या बाजूला, रोज अडीच तासांची तूट पडते आहे. सुट्टीचे नऊ त्या तुटीची भरपाई आहेत.

त्याची वेळ सरकवायची असेल तर सरकते, आणि सरकवावीही, कारण बोर्डाची परीक्षा सकाळच्या सत्रात असते. २०१९ साली इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २२ रात्रीच्या माणसांवर साधा प्रयोग केला, औषधाशिवाय. तीन आठवड्यांत त्यांची झोप दोनेक तास अलीकडं आली, आणि उदासीही कमी झाली. तुमच्या घरच्या भाषेत सांगायचं तर असं : सुरुवात उठण्यापासून करा, झोपण्यापासून नको. दर दोन-तीन दिवसांनी पाव तास लवकर उठवा. उठल्या उठल्या अर्धा तास अंगणात किंवा माळवदावर, उघड्या उजेडात. चहा तिथंच प्यायचा, पुस्तक तिथंच उघडायचं. जानेवारीच्या धुक्यातसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या बल्बच्या कितीतरी पट असतो. न्याहारी लवकर. दुपारी तीननंतर चहा बंद, कारण चहा-कॉफीतला अर्धा कैफ पाच-सहा तासांनंतरही अंगात असतो. चारनंतर डुलकी नको. रात्री नवाला मोठा दिवा मालवून टेबलावर पिवळा लावायचा, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. सुट्टीच्या दिवशी तासाभरापेक्षा जास्त सूट नाही. दोन दिवस नऊला उठलं की आठवड्याची कमाई वाहून जाते. त्याला चारला उठणारा करायला जाऊ नका, तो होणार नाही. साडेअकराला झोपून साडेसातला उठला तर जिंकलात असं समजा. सासूबाईंनाही तसंच सांगा.

मालकांचं दुखणं वेगळं आहे. त्यांचं शरीर पहाटेचं असो की रात्रीचं, आठवड्याला उलटणारी पाळी कुणालाच मानवत नाही. घड्याळ रोज जेमतेम तासभर सरकतं. ते रात्रीच्या पाळीला लागेपर्यंत दिवसाची पाळी येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००७ साली, आणि पुन्हा २०१९ साली, रात्रपाळीच्या कामाला कर्करोगाच्या संभाव्य कारणांत धरलं. हे कारखान्यातल्या आणि दवाखान्यातल्या कामगारांबद्दल बोललं जातं. रानात उसाच्या सरीत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला कोणी रात्रपाळीचा कामगार म्हणत नाही. त्यांनी संध्याकाळी निघण्याआधी तासभर झोपावं, परतल्यावर अंधाऱ्या खोलीत सलग झोपावं, आणि घरानं त्या वेळी त्यांना कुठल्याही कामासाठी हाक मारू नये. गुडघ्यापर्यंत बूट आणि बॅटरीशिवाय पाणी द्यायला जाऊ देऊ नका. मण्यार आणि घोणस दोन्ही रात्री फिरतात. साप चावलाच तर सरळ सरकारी दवाखाना गाठायचा, जिथं सापाच्या विषावरचं औषध असतं. पंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून २०१९ साली केंद्राची कुसुम योजना आली, सौर पंपांची. त्याची चर्चा बिलाच्या आणि युनिटच्या भाषेत होते. झोपेचा हिशेबही त्यात यायला हवा.

रात्री जागणारी माणसं मुळात का असावीत, हा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचं एक उत्तर टांझानियात मिळालं. तिथल्या हाद्झा या शिकारी समाजातल्या ३३ जणांच्या मनगटावर २० दिवस यंत्रं बांधली होती. २०१७ साली डेव्हिड सॅमसन यांनी त्याचा निष्कर्ष छापला : एवढ्या सगळ्या रात्रींत मिळून सगळेच्या सगळे एकाच वेळी झोपलेले होते ती फक्त १८ मिनिटं. कोणालाही पहाऱ्यावर बसवलेलं नव्हतं. म्हातारे लवकर उठत, तरुण उशिरा झोपत, आणि त्यामुळं टोळीत कोणी ना कोणी जागं राहत होतं. हुरड्याच्या दिवसांत रानडुकरांपासून ज्वारी राखायला माचाणावर जागलीला जाणारा गडी आठवा. अर्थात, बलुतेदारीत गावाची रात्रीची राखण कोणी करायची हे शरीरानं ठरवलेलं नव्हतं. ती ठरावीक जातींच्या गळ्यात बांधलेली होती, त्यांना झोप येवो न येवो. पण रात्रीच्या माणसाला मान देणाऱ्या जागाही आपल्या भागात आहेत. तुमच्या जवळच, हुमनाबादच्या माणिकनगरला दत्तजयंतीच्या दरबारात रात्रभर गाणं चालतं. माणिकप्रभूंनी १८६५ साली समाधी घेतली, आणि मराठी-कानडी-उर्दू तिन्ही भाषांतली पदं तिथं आजही गायली जातात. त्या रात्री जागणाऱ्याला आळशी कोणी म्हणत नाही. कार्तिकात याच भागातल्या गावांमध्ये काकड्याला पहाटेची माणसं पुढं असतात. दोघांनाही देवळाचं दार उघडं आहे. घराचं का नसावं?

आता तुम्ही.

मुलाला दीडनंतर झोपायला मिळतं, मालकांना दुपारी झोपायला मिळतं, सासूबाई आठला झोपतात. तुम्ही रात्री दहानंतर शिवायला बसता, म्हणजे बारा वाजतातच, आणि पाचला उठता. पाच तास. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात. तुमचं घड्याळ रात्रीचं आहे आणि तुमची कामं पहाटेची आहेत, म्हणजे रोज सकाळी तुम्ही तुमच्या मध्यरात्री उठता. याची साधी मोजणी आहे. सक्ती नसलेल्या दिवशी तुम्ही कधी झोपता आणि कधी उठता, त्याचा मधला बिंदू काढा. माहेरी चार दिवस मोकळ्या राहिल्यात तेव्हा बाराला झोपून आठला उठत असाल, तर तो चार. सासरी बाराला झोपून पाचला उठता, तर तो अडीच. हा दीड तासाचा फरक रोजचा आहे. रोनेबर्ग यांच्या गटानं २००६ साली त्याला समाजानं लादलेला प्रवासाचा थकवा म्हटलं. विमानानं न जाता शरीर रोज दुसऱ्या देशाच्या वेळेत वावरतं.

ब्रिटनमधल्या चार लाखांहून जास्त लोकांच्या नोंदींवरून २०१८ साली असं दिसलं, की साडेसहा वर्षांत रात्रीच्या लोकांचे मृत्यू पहाटेच्या लोकांपेक्षा १० टक्क्यांनी जास्त होते. ही बातमी तुमच्यापर्यंत आली असेल तर घाबरू नका. संशोधकांनी स्वतःच म्हटलं, की दोष रात्रीच्या स्वभावात नसून पहाटेच्या जगात त्याला जगावं लागण्यात असू शकतो. पुढं २०२३ साली फिनलंडमधल्या जुळ्यांच्या ३७ वर्षांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा जादा मृत्यूंमागं मुख्यतः तंबाखू आणि दारू निघाली. तुमच्या बाबतीत धोका रात्रीच्या शिवणकामात नाही. तो न मिळालेल्या दोन तासांत आहे.

आपल्याकडं बाई पहाटे उठते हे इतकं गृहीत आहे, की तिला पहाट मानवते का हे कोणी विचारलेलंच नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. त्या गाणाऱ्या सगळ्या बाया जन्मानं पहाटेच्या असणं शक्य नाही. दळल्याशिवाय भाकरी नव्हती, आणि घर उठायच्या आत दळण संपायला हवं होतं, म्हणून त्या उठत होत्या. गिरणी आली, जातं बंद झालं. उठायची वेळ मात्र तीच राहिली. देशाच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८, असं निघालं. ही मिनिटं झोपेतून येतात, दुसरीकडून कुठून येणार?

म्हणून माझं सांगणं मुलापेक्षा तुमच्या बाबतीत जास्त ठाम आहे. तुमच्या घरात एक फार चांगली सोय आहे, जी तुम्ही अडचण समजता : चारला आपोआप जागं होणारं माणूस. सासूबाई उठतातच, तर सडा, चूल आणि चहा, झेपत असेल तर एका म्हशीची धार, पहाटेच्या दोन तासांत त्यांच्याकडं राहू द्या. रात्रीची भांडी, दुसऱ्या दिवशीची भाजी निवडणं, कणीक मळून ठेवणं, झाकपाक, हे सगळं तुमच्याकडं घ्या. त्या आठला झोपल्या तरी कामाचा खोळंबा नाही. काम दोघींचं सारखंच राहील, वेळ मात्र ज्याच्या-त्याच्या शरीराची. मुलाला साडेसातला उठायचं ठरलं तर अंगणातला त्याचा अर्धा तास कोरडा जाऊ देऊ नका. पाण्याच्या घागरी त्याच्याकडं द्या, उजेडही मिळेल. आणि तुम्ही साडेसहाला उठा. एकदम जमणार नाही, आठवड्याला पाव तास पुढं न्या. शिवणकाम साडेअकराला थांबवा, शेवटचा अर्धा तास मंद दिव्यात काजं-बटनांचा ठेवा. सासूबाईंशी हे बोलणं अवघड आहे, हे मला कळतं. तुम्ही बोलण्यापेक्षा मालकांनी बोलावं. झोप न मिळणं काय असतं हे त्या घरात त्यांच्याएवढं कोणाला ठाऊक असणार?

पत्राच्या मागच्या पानावर, बहुधा धाकट्या लेकीच्या अक्षरात, आणखी एक प्रश्न आहे : “कोंबड्याला पहाट झालेली कशी कळते?”

बाळ, त्याच्याही आत घड्याळ असतं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं मोठी माणसं म्हणतात. जपानमधल्या नागोया विद्यापीठात त्सुयोशी शिम्मुरा आणि ताकाशी योशिमुरा यांनी कोंबडे खरोखरच सतत मंद उजेडात ठेवून पाहिले. उजाडणं दिसत नसतानाही ते आपल्या वेळेला आरवत राहिले. हे झालं २०१३ साली. पुढं २०१५ साली त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. खुराड्यात कोंबड्यांचा मान ठरलेला असतो. आधी आरवतो तो सगळ्यांत वरचा. बाकीच्यांच्या आतही घड्याळ चालू असतं, तरी ते त्याची वाट पाहतात आणि मग मानाप्रमाणं एकामागून एक आरवतात. वरचा कोंबडा बाजूला नेला, की दुसऱ्या क्रमांकाचा त्याच्या स्वतःच्या वेळेला सुरुवात करतो.